पिल्लांची भीती आणि माणसाचा हात

कोंबडी हा माणसाच्या अत्यंत निकट वावरणारा पक्षी होय. तथापि पाळलेला असणे आणि माणसाळलेला असणे या दोन अवस्था एक नव्हेत. सकाळी घरची बाई सुपात दाणे घेऊन अंगणात आली की कोंबड्या तिच्या पायांत घोटाळू लागतात. परंतु तिने त्यांतील एखादीला उचलण्यासाठी खाली वाकून हात पुढे केला, की त्याच कोंबड्या कलकलाट करीत चहूकडे पांगतात. त्यांना दाणा हवा असतो, हात नको असतो. माणसाची सवय होणे ही एक गोष्ट आहे, आणि माणसाच्या स्पर्शाचे भय नाहीसे होणे ही निराळी गोष्ट आहे.

हाच भेद शहरातील पक्ष्यांच्या बाबतीतही दिसून येतो. चंडीगढ येथील सेक्टर १७ हे त्या नगराचे व्यापारी केंद्र. ल कॉर्बुझिए याने आखलेल्या या नगरात सेक्टर १७ मधील विस्तीर्ण फरसबंद चौक पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवलेला आहे. तेथे येणारे पारवे माणसांच्या वर्दळीला इतके सरावलेले आहेत की ये-जा करणाऱ्यांच्या पावलांजवळच ते दाणे टिपतात. मात्र एखाद्या मुलाने त्यांतल्या एकाला धरू पाहिले तर सारा थवा एकदम उडतो. वर्दळ म्हणजे धोका नव्हे एवढे त्यांनी अनुभवाने ओळखलेले असते. परंतु आपल्या दिशेने येणारा हात धोक्याचा नाही, हा धडा त्यांना कोणी दिलेला नसतो. कोंबडीच्या पिल्लाला तो देता येतो. तो कसा द्यावा, केव्हा द्यावा आणि त्याची आवश्यकता काय, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

पिल्ले हातावर येणे ही केवळ मुलांच्या करमणुकीची बाब आहे असे कोणी समजू नये. परसातील कोंबड्यांचा मोठा शत्रू म्हणजे राणीखेत रोग. ग्रामीण भागात तो मानमोडी या नावाने ओळखला जातो. तो गावात शिरला तर एका आठवड्यात खुराडे रिकामे होऊ शकते. झाल्यावर त्यावर औषध नाही, त्यामुळे लस हाच उपाय उरतो. या लसीचा पहिला थेंब साधारणतः पहिल्याच आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत घालावा लागतो. पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास त्याच रोगावरील दुसरी लस सुईने टोचतात, आणि देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात देतात. या प्रत्येक वेळी प्रत्येक पक्षी हातात धरणे भाग असते. जी बाई आपल्या बारा कोंबड्यांपैकी सातच धरू शकते, तिच्या पाच कोंबड्या लसीवाचून राहतात, आणि रोग नेमका तेथूनच शिरतो. पायाला झालेली जखम, पंखाखालच्या उवा, अडलेले अंडे या सर्व गोष्टी पक्षी हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत.

रानातून अंगणात

पिल्लाच्या भीतीचे मूळ त्याच्या कुळात आहे. आपल्या सर्व कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. चंडीगढच्या उत्तरेस पसरलेल्या शिवालिक टेकड्यांच्या रांगेत तो आजही आढळतो. सह्याद्रीच्या रानात त्याचा भाऊबंद, राखी रानकोंबडा, राहतो. अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याच्या वंशाकडून आलेला असावा, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून दिसून आले. हे दोन्ही पक्षी अतिशय लाजरे आहेत. जमिनीवर चरणाऱ्या, जेमतेम उडू शकणाऱ्या आणि सर्वांनाच भक्ष्य म्हणून हव्या असणाऱ्या पक्ष्याला सावध राहण्यावाचून गत्यंतर नसते.

माणसाने या पक्ष्याला जवळ केले तेव्हा जे कमी भित्रे होते तेच टिकले आणि त्यांचाच वंश वाढला, असे मानण्यास आधार आहे. स्वीडनमधील लिंशेपिंग विद्यापीठात पेर येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या रानकोंबड्यांतून माणसाला कमी भिणारे पक्षी निवडून त्यांच्या पिढ्या वाढविल्या. दुसरी कोणतीही निवड केलेली नसताना काही पिढ्यांतच हे पक्षी भित्र्या पक्ष्यांपेक्षा शरीराने मोठे होऊ लागले, आणि शरीराच्या मानाने त्यांचा मेंदू लहान झाला. पाळीव कोंबडीची अनेक लक्षणे भीती कमी होण्याबरोबरच तिच्यात आली असावीत, असा याचा अर्थ होतो.

परंतु निवडीने भीती कमी झाली, नाहीशी झाली नाही. जातीजातींमध्ये फरकही आहे. पांढरी लेगहॉर्न चपळ आणि बुजरी असते, तर ऱ्होड आयलंड रेड त्या मानाने शांत. आपला असील कोंबडा दुसऱ्या कोंबड्याशी प्राणपणाने झुंजतो, परंतु धन्याच्या हाताखाली तो बहुधा निमूट असतो. तात्पर्य, आपसांतील भांडखोरपणा आणि माणसाविषयीची भीती या दोन स्वतंत्र प्रवृत्ती आहेत. जात कोणतीही असली, तरी प्रत्येक पिल्लाला माणसाची ओळख नव्याने करून द्यावी लागते. ती आनुवंशाने मिळत नाही.

पहिले तीन दिवस

एकवीस दिवसांच्या उबवणीनंतर पिल्लू कवच फोडून बाहेर येते. शेवटच्या एकदोन दिवसांत ते अंड्याच्या आतूनच चिवचिवू लागते आणि वर बसलेली खुडूक कोंबडी त्याला मंद स्वरात उत्तर देते. बाहेर आल्यावर काही तासांतच ते पायांवर उभे राहते, आणि समोर जी हलणारी वस्तू दिसेल तिच्यामागे जाऊ लागते. बहुधा ही वस्तू म्हणजे आईच असते.

डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज अभ्यासकाने १८७३ मध्ये या प्रवृत्तीचे मार्मिक वर्णन केले. त्याने काही पिल्लांच्या डोळ्यांवर जन्मतःच टोप्या चढविल्या. लवकर टोपी काढलेली पिल्ले त्याच्या मागे धावू लागली. परंतु ज्या तिघांच्या टोप्या जवळजवळ चार दिवसांनी काढल्या, ती त्याला पाहताच भयभीत होऊन दूर पळाली. पुढे १९३५ मध्ये कॉनराड लोरेंट्झ याने या प्रकाराची सविस्तर मीमांसा केली. जन्मानंतरच्या अल्पकाळात पिल्लाच्या मनावर आईच्या रूपाचा ठसा पडतो, आणि तो काळ उलटला की अपरिचित वस्तूविषयी ओढ वाटण्याऐवजी भय वाटू लागते. १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघा प्राणिवर्तनशास्त्रज्ञांपैकी लोरेंट्झ एक होता.

निसर्गाची ही योजना मोठी समंजस आहे. आधी पिल्लाने आईला ओळखावे, आणि मग जे जे आई नव्हे त्यापासून दूर राहावे. पिल्ले विकत घेणाऱ्याला मात्र याच योजनेमुळे अडचण येते. आज बहुसंख्य पिल्ले यंत्रात उबतात. चंडीगढच्या औद्योगिक वसाहतीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे उत्तर विभागाचे प्रक्षेत्र आहे, आणि परसातील पालनास उपयुक्त अशी ‘छाब्रो’ ही रंगीत जात तेथेच तयार झाली. मुंबईत आरे वसाहतीत, तसेच भुवनेश्वर आणि बंगळूर येथेही या संघटनेची केंद्रे स्थापन झाली. अशा ठिकाणाहून निघणारे पिल्लू एक दिवसाचे असते. पोटात शोषलेल्या बलकावर ते दोनतीन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरू शकते, म्हणूनच त्याला खोक्यात घालून दूरवर पाठविता येते. परंतु ते गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचते तेव्हा ठसा पडण्याचा काळ बहुतांशी सरलेला असतो, आणि भीतीचा काळ सुरू होत असतो. म्हणून पहिल्या तासात सहज जमले असते ते काम आता धीराने करावे लागते. ते अशक्य मात्र नाही.

वरून येणारा हात

पिल्लाच्या दृष्टीने माणूस कसा दिसतो याची कल्पना केल्यास पुढील पथ्ये आपोआप सुचतील. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे तिला आपल्या सभोवतीचा फार मोठा भाग एकाच वेळी दिसतो. आकाशात घार घिरट्या घालू लागली की आई एक विशिष्ट लांब स्वर काढते, आणि पिल्ले क्षणार्धात तिच्या पंखाखाली किंवा झुडपात दडतात. कुत्र्यामांजराची चाहूल लागली तर तिचा इशारा निराळा असतो. वरून झेप घेऊन येणारी सावली म्हणजे मृत्यू, ही जाणीव या कुळाच्या रक्तात भिनलेली आहे.

आता आपण पिल्लू कसे धरतो ते पाहावे. आपण उभे असतो, वाकतो आणि वरून झटकन हात खाली आणतो. पिल्लाला दिसते ती घारच. ते पळते, म्हणून आपण त्याचा पाठलाग करतो. ते कोपऱ्यात सापडते आणि मग आपण त्याला पकडतो. या एका प्रसंगाने दहा दिवसांची मेहनत वाया जाऊ शकते. शिवाय घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि तळाची गुदमरून मरतात. म्हणूनच उबेच्या दिव्याभोवती पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे गोल कुंपण घालण्याची रीत आहे, कारण गोलाला कोपरा नसतो.

ओळख करून देण्याचा क्रम

घरी आणलेल्या पिल्लांना पहिल्या दिवशी ऊब, पाणी आणि विश्रांती यांखेरीज काही देऊ नये. उबेचे प्रमाण पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस असावे आणि पुढे दर आठवड्यास ते सुमारे तीन अंशांनी कमी करीत जावे. थंडीने कुडकुडणाऱ्या पिल्लाला काहीही शिकविता येत नाही. पिल्ले नेहमी समूहाने ठेवावीत. एकटे पिल्लू माणसाला लवकर बिलगते खरे, परंतु माणूस नजरेआड होताच ते आक्रोश करू लागते. असा जिव्हाळा त्याच्या हिताचा नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लांच्या शेजारी जमिनीवर बसावे. खोके किंवा कुंपण उंचावर ठेवता आले तर अधिक चांगले, म्हणजे माणसाचा चेहरा आणि हात त्यांना बाजूने दिसतात. मंद आवाजात बोलत राहावे आणि दाणे देताना नेहमी एकच हाक मारावी. पिल्लांना स्वरांची जाण मोठी असते, हे आईच्या उदाहरणावरून दिसतेच. तळहात वर करून हात भुशावर निश्चल ठेवावा. प्रथम पिल्ले दूर राहतील, मग त्यांतील एखादे धीट पिल्लू बोटावर चोच मारून पाहील. त्या वेळी हात मागे घेऊ नये.

पुढची पायरी अन्नाची. तळहातावर थोडी तांदळाची कणी किंवा बारीक भरडा ठेवावा. दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याजवळ हलकेच टकटक करावी. दाणा सापडल्यावर आई तो चोचीने टोचते आणि तोंडाने टुकटुक आवाज करते, तेव्हा पिल्ले धावून येऊन तेथेच चोची मारतात. बोटाची टकटक हे त्याचेच अनुकरण होय. एका पिल्लाने हातावरचे खाल्ले की इतरही येतात, कारण पिल्ले एकमेकांचे पाहून शिकतात.

चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले खाण्यासाठी तळहातावर चढू लागतात. तेव्हा हात दोन बोटे वर उचलावा आणि पुन्हा खाली ठेवावा. पिल्लू उतरू लागले तर उतरू द्यावे. आपल्याला हवे तेव्हा येथून जाता येते ही खात्री पटली, की ते अधिक वेळ थांबते. माणसाळविण्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. दिवसातून दोनतीन वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे, एवढे पुरे. रविवारी तासभर आणि मग आठवडाभर काही नाही, याचा उपयोग होत नाही. घरातील निरनिराळ्या व्यक्तींनी आळीपाळीने हे करावे, म्हणजे विश्वास एकाच व्यक्तीपुरता मर्यादित राहत नाही.

उचलताना हात बाजूने न्यावा, छातीखाली सरकवावा आणि पाय तळहातावर टेकू द्यावेत. लोंबकळत्या पायांचे पिल्लू नेहमी धडपडते. दुसरा हात पाठीवर अलगद ठेवावा. मूठ मात्र कधीही आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलते तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. छाती दाबली गेली तर नाक मोकळे असूनही पिल्लू गुदमरते. लहान मुलांच्या हाती पिल्लू देण्यापूर्वी ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी, आणि मुलांनी खाली बसूनच पिल्लू घ्यावे असा नियम करावा.

एडिंबरोनजीकच्या रॉस्लिन येथे ब्रायन जोन्स या संशोधकाने पिल्लांच्या भीतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. नियमित हाताळलेली पिल्ले माणसाला कमी भितात, हे त्याच्या प्रयोगांत सिद्ध झाले. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की ज्या पिल्लांनी केवळ इतरांना हाताळले जाताना पाहिले, त्यांचीही भीती कमी झाली. ज्यांच्याकडे शेदीडशे पिल्ले आहेत आणि प्रत्येकाला हाती घेण्यास वेळ नाही, अशांना हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. पिल्लांमध्ये रोज शांतपणे वावरणे आणि काहींना सर्वांच्या देखत प्रेमाने उचलणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

स्तब्धता म्हणजे विश्वास नव्हे

येथे एका सर्वत्र आढळणाऱ्या गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. धडपडणारी कोंबडी उताणी करून किंचित काळ धरून ठेवली तर ती एकाएकी निपचित होते. हात काढून घेतला तरी काही काळ तशीच पडून राहते. पाहणाऱ्याला वाटते, शांत झाली. अथानासियुस किर्शर या जर्मन पंडिताने १६४६ मध्ये या चमत्काराचे वर्णन केले. पाय बांधून आडवी धरलेल्या कोंबडीच्या चोचीपुढे खडूने रेघ ओढली, की पाय मोकळे केल्यावरही ती खिळल्यासारखी पडून राहते, असे त्याने लिहिले होते. खडूच्या रेघेचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे पुढे दिसून आले.

ही निद्रा नव्हे आणि समाधानही नव्हे. ही भीतीची परिसीमा होय. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर मेल्याप्रमाणे पडून राहिले तर त्याची पकड सैल होण्याची शक्यता असते, म्हणून निसर्गाने ठेवलेला हा अखेरचा उपाय आहे. संशोधक तर या अवस्थेचा कालावधी मोजून पक्षी किती भित्रा आहे हे ठरवितात. जो जितका अधिक वेळ निपचित पडतो, तो तितका अधिक भित्रा.

म्हणून हातातले पिल्लू हलत नाही यावरून ते माणसाळले असे अनुमान काढणे चुकीचे होय. अन्य खुणा पाहाव्यात. विश्वास असलेले पिल्लू मंद, तुटक चिवचिव करते, पिसे सैल सोडते, अर्धवट डोळे मिटून उबेला टेकते, अंगठ्यावर चोच मारून पाहते, आणि खाली ठेवल्यावर पळून न जाता तेथेच घुटमळते. भ्यालेले पिल्लू एक तर कर्कश, खालच्या स्वराकडे उतरत जाणारी किंकाळी फोडते किंवा अंग आखडून, डोळे ताणून मुके होते. खरी कसोटी हात मागे घेतल्यानंतरची आहे. पिल्लू पुन्हा आपण होऊन येते की नाही, एवढेच पाहावे.

काही मर्यादा

खुडूक कोंबडीखाली उबलेली पिल्ले आईच्या वर्तनावरून शिकतात. आई बुजरी असेल तर तिच्या इशाऱ्यासरशी पिल्लेही पळतात. अशा वेळी प्रथम आईचाच विश्वास संपादन करावा. ती दाणे खाण्यास हाताशी आली की पिल्ले तिच्यामागून येतातच. संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकण्याची वेळ यासाठी सोयीची असते, कारण मंद उजेडात त्या स्वभावतःच शांत असतात.

नर पिल्लांच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. माणसाचा धाक पूर्णपणे नाहीसा झालेला कोंबडा वयात आल्यावर माणसालाच प्रतिस्पर्धी समजून पायांवर झडप घालू शकतो. त्याला लहानपणापासून हातावर खेळविण्यापेक्षा शांतपणे उचलू देण्याइतपतच सवय लावावी.

आरोग्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही आतड्याचे विकार उत्पन्न करणारे जंतू असू शकतात. हाताळण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, पिल्ले तोंडाजवळ नेऊ नयेत आणि स्वयंपाकघरात ठेवू नयेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ आढळली. जानेवारी २०२१ मध्ये चंडीगढला लागून असलेल्या पंचकुला जिल्ह्यातही या रोगाचा प्रादुर्भाव झाला. पक्षी एकाएकी मरू लागले तर एकाही पक्ष्यास हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे हेच कर्तव्य होय.

शेवटी एक प्रश्न उरतो. ज्या पक्ष्याचा शेवट बहुधा सुरीखाली व्हावयाचा, त्याचा विश्वास संपादन करणे योग्य आहे काय? याचे उत्तर प्रत्येक घराने आपापल्यापुरते द्यावयाचे आहे. परंतु दोन गोष्टी विसरता येत नाहीत. भीती ही स्वतःच एक यातना आहे, आणि जो पक्षी माणसाच्या प्रत्येक पावलाने दचकतो त्याला ती दिवसातून अनेकदा भोगावी लागते. दुसरे असे, की पाळीव कोंबडीला माणसापासून दूर जाण्यासाठी रान उरलेले नाही. तिचे दाणापाणी, तिचे औषध, तिचा निवारा सर्व काही माणसाच्या हातूनच यावयाचे आहे. तो हात तिला घारीच्या झेपेसारखा वाटू नये यासाठी पहिल्या दोन आठवड्यांत रोजची दहापंधरा मिनिटे पुरतात. लस टोचण्याचा दिवस येतो तेव्हा खुराड्यात पाठलाग करावा लागत नाही, आणि बारापैकी बाराही पक्षी हाती येतात.